मांडीवरची थाप

मुक्ताच्या अल्बमचं वाटोळं कुणी केलं, असं निनाद अजून लोकांना विचारत फिरतो म्हणे. फिरू दे. दूधविनायकाच्या गल्लीत येऊन आमची कडी वाजवली असती तर मीच दार उघडून सांगितलं असतं: मी केलं. हात अण्णांचा होता, खरं आहे. पण अण्णांना काहीच माहीत नव्हतं आणि मला सगळं माहीत होतं. दोन महिने माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं आणि मी मूग गिळून बसले होते. मला वाईटही वाटत नव्हतं. तेही आत्ताच सांगून टाकते, मागाहून साधूपणाचा आव नको.

अण्णा म्हणजे आमचे वडील, बिंदुमाधवशास्त्री. घनपाठी. मंत्रातले शब्द पुढे, मागे, परत पुढे असे गुंफत तासन्‌तास म्हणायचं आणि एक मात्रा इकडची तिकडे होऊ द्यायची नाही, याला घनपाठ म्हणतात. काशीत कुठल्याही पाठशाळेची परीक्षा असली की परीक्षक म्हणून अण्णांना बोलावणं येतं. विद्यार्थी समोर बसून म्हणतो, अण्णा ऐकतात. चुकला की त्यांचा उजवा तळवा मांडीवर पडतो. थाप. बस, एवढंच. काय चुकलं ते सांगायचं नाही. ज्याचं चुकलं त्याने शोधायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. तीन थापा पडल्या की उठायचं. आणि चुकलेलं जवळ ठेवायचं नाही. आमच्या पणजोबांनी एका अक्षरापायी स्वतः लिहिलेली आख्खी पोथी संकठा घाटावरून गंगेत सोडली होती, हे आम्हाला लहानपणापासून वरणभाताबरोबर भरवलेलं आहे.

ही रीत पाठशाळेपुरती असती तर काय हवं होतं! घरातही तीच. मी अकरा वर्षांची असताना गल्लीतल्या गणेशोत्सवात पद म्हणायला उभी राहिले. नवं परकर-पोलकं, आईने घातलेल्या दोन वेण्या. अण्णा पुढच्या रांगेत. दुसऱ्याच ओळीला थाप. मी पहिल्यापासून सुरू केलं. थाप. तिसऱ्यांदा सुरू केलं, आणि तिसरी थाप पडली तेव्हा सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. मी खाली उतरले. त्यानंतर आजतागायत मी गायलेली नाही. आरतीत झांज वाजवते, तोंड उघडत नाही. आणि गंमत अशी की अण्णांचं बरोबर होतं. माझा पंचम उतरत होता. मला स्वतःलाच ऐकू येत होतं.

मुक्ता माझ्यानंतर पंधरा वर्षांनी झाली. शेंडेफळ. तिच्या वेळी आईने पदर खोचून सांगितलं, या पोरीला थाप मारायची नाही. अण्णा तिच्यासमोर हात मांडीखाली दाबून बसायचे, मी पाहिलंय. म्हणून ती गात राहिली. न्हाणीघरात, जिन्यात, पतंग उडवताना. आई नऊ वर्षांपूर्वी गेली. मुक्ता बंगळुरूला नोकरीला गेली. अण्णा आणि मी उरलो. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते. माझं लग्न का झालं नाही, ते पुराण इथे नको.

आता मुख्य गोष्ट. अण्णा सात वर्षांपासून ठार बहिरे आहेत.

आधी थोडं, मग जास्त, मग पूर्ण. कबीरचौऱ्याच्या बाजूला एका कानाच्या डॉक्टरांकडे मी त्यांना रिक्षाने घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, मशीन लावा, थोडंफार कळेल. घरात आल्यावर म्हणाले, ‘इंदू, परीक्षकाच्या कानात मशीन पाहिलं तर उद्या मला कोण बोलावील? माझ्याकडे दुसरं आहे काय?’ मग माझा हात धरून, ‘कुणाला सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील.’ झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मूठ झाकली.

तुम्ही म्हणाल, बहिरा माणूस परीक्षा घेतो कशी? सोपं आहे. आमच्या शाखेत वेद म्हणताना हातही चालतो. स्वर चढला की हात वर, उतरला की खाली, मधला असला की बाजूला. अण्णांना सगळं तोंडपाठ. समोरच्याचा हात आणि ओठ पाहिले की झालं. पूर्वी डोळे मिटून ऐकायचे, आता उघडे ठेवतात. लोक म्हणतात, वयाबरोबर नजर कडक झाली. पाठशाळेतली पोरं अजून म्हणतात, अण्णांचा कान म्हणजे कान! हसावं की रडावं!

घरी मी होतेच. कुणी आलं की मी पाहुण्यामागे उभी राहायची आणि तो काय म्हणाला ते नुसत्या ओठांनी अण्णांना सांगायची. कुणी काही म्हणून दाखवलं आणि संपलं की मी पदर सारखा करायची, की अण्णा म्हणायचे, ‘ठीक.’ सात वर्षांत एकदाही चूक नाही. तिथे मात्र मला कधी थाप पडली नाही.

मुक्ता अडीच वर्षांपूर्वी नोकरी सोडून परत आली. अस्सीला खोली घेतली, कारण घरात गिटार चालणार नाही हे तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. रविवारी यायची. दारातच वाकून चप्पल काढता काढता बोलायला लागायची, अर्धं मराठी, अर्धं हिंदी, मान खाली, हातात फोन. ‘अण्णा, तबियत ठीक आहे ना? काल मी इथल्याच गलीतून गेले, पर टाइमच नाही मिळाला.’ अण्णांना काय कळणार? आणि तिच्यामागे मी कधी ओठ हलवायला उभी राहिले नाही. ते पोथीत बघत राहायचे. दोन-तीन महिन्यांनी तिने मला स्वयंपाकघरात गाठलं.

‘ताई, अण्णा माझ्याशी बोलत का नाहीत?’

शपथ होती, मान्य. पण शपथेत राहूनही शंभर उत्तरं देता आली असती. वय झालंय म्हणायचं, जपात असतात म्हणायचं. मी म्हटलं, ‘तुझं ते गाणं. त्यांना नाही पटलेलं.’

का म्हटलं? कणीक मळत होते, तोंडातून निघून गेलं. निघून गेलं म्हणजे निघून जाऊ दिलं. तिचा चेहरा उतरला आणि मी कणकेला तेलाचा हात लावला.

त्या अबोल्यावर तिने गाणी लिहिली. नऊ. रेल्वे कॉलनीतल्या साठ्यांचा निनाद गिटार वाजवायचा आणि रेकॉर्डिंगही तोच करायचा. खिडकीला गाद्या लावायच्या, लग्नाचा बँड-बाजा गेला की सुरू करायचं, देवळातली घंटा वाजली की थांबायचं. कंपनी नाही, कुणी वरचा नाही. स्वतः लिहायचं, स्वतः गायचं, स्वतःच नेटवर टाकायचं. सोल म्हणे. मी विचारलं, ‘म्हणजे काय गं?’ तर म्हणाली, ‘अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधून आलेलं गाणं आहे, ताई. जिथे आवाज फाटतो ना, तिथे थांबायचं नाही, तिथूनच पुढे गायचं.’ मी म्हटलं, आमच्याकडे तिथे थाप पडते. ती हसली. मी हसले नाही.

मग तिने नऊच्या नऊ गाणी माझ्या फोनवर पाठवली. ‘सगळ्यात आधी तुला,’ असं लिहून. मी शाळेत, मधल्या सुट्टीत, टीचर्स रूमच्या कोपऱ्यात कानात वायर घालून ऐकायला बसले. सहावं गाणं ‘तरी’. अल्बमचं नावही तेच. त्यात ती म्हणते:

हाक मारलीस तर येईन,
नाही मारलीस तरी येईन.

दुसऱ्या ओळीतल्या ‘तरी’वर तिचा आवाज चढता चढता मधोमध फाटतो. फाटतो म्हणजे अक्षरशः. आत काहीतरी निखळल्यासारखं होतं, आणि ती थांबत नाही, त्या फाटक्या आवाजानेच ‘येईन’पर्यंत जाते. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. सुनीती मॅडमनी विचारलं, काय झालं, मी म्हटलं डोकं चढलंय. आणि रडून झाल्यावर मला जो राग आला, तो मी आयुष्यात विसरणार नाही. ही पोरगी धडधडीत चुकते आहे, आणि तिला थांबवणारं कुणी नाही, आणि त्या चुकण्यालाच लोक गाणं म्हणणार! मग मी कशाला उतरले होते मांडवातून?

रविवारी ती आली. मी म्हटलं, ‘छान झालंय गं. ते ‘तरी’ तर फारच.’ मनापासून म्हटलं. त्यावर ती काय म्हणाली? माझ्या गळ्यात हात टाकून, लाडाने म्हणाली, ‘ताई, तुझं काय, तुला सगळंच छान वाटतं. अगं, कान फक्त अण्णांचा! त्यांनी एकदा ऐकून शुद्ध म्हटलं ना, तर मी जग जिंकलं. नाही तर हे टाकणारच नाही. त्यांना ऐकवशील? तुझं ऐकतात ते.’

तिच्या मनात काही नव्हतं. तिला कधीच काही मनात ठेवावं लागलेलं नाही. माझ्या ओठांवर आलं होतं, अगं बाई, अण्णांना कान कुठे राहिलेत! आलेलं मी गिळलं.

‘ये ना पुढच्या रविवारी,’ मी म्हटलं. ‘समोर बसून म्हण. रेकॉर्ड नको, त्यांना समोर म्हटलेलं लागतं.’

समोर बसून. हे मी मुद्दाम म्हटलं की सहज, याचा मी बराच विचार केला आहे. मुद्दामच म्हटलं.

रविवारी दुपारी चारला दोघं आले. निनादने सतरंजीवर मांडी घालून गिटार जुळवली. अण्णा चौकीवर, खांद्यावर उपरणं. मी त्यांना सकाळीच समोर उभी राहून सांगितलं होतं, मुक्ता काहीतरी म्हणून दाखवणार आहे. ते एकदम खूश झाले. ‘मला? माझ्यासमोर म्हणणार?’ असं दोनदा विचारलं. म्हणजे पाहा, त्यांनाही वाटत होतं की पोरगी आपल्याशी नीट बोलत नाही.

मुक्ताने नमस्कार केला आणि ‘तरी’ सुरू केलं. हात मांडीवर स्वस्थ. तिच्या गाण्यात हात कुठला चालायला? अण्णा आधी तिच्या हाताकडे बघत राहिले, मग ओठांकडे, मग त्यांना काहीच सापडेना तेव्हा चेहऱ्याकडे. मुक्ता गाताना चेहरा लपवत नाही. डोळे घट्ट मिटते, मान कलते, गळ्याच्या शिरा वर येतात, तोंड एका बाजूला ओढलं जातं. आणि पाठशाळेत पहिल्या दिवशी पोराला पहिली गोष्ट सांगतात ती ही, की मान हलवायची नाही, तोंड वाकडं करायचं नाही. ज्याला पुढचं आठवत नाही त्याचंच तोंड असं होतं. ‘तरी’ आलं, तिचा चेहरा पिळवटला, आणि अण्णांचा तळवा मांडीवर पडला.

थाप.

मुक्ता थांबली. तिला आयुष्यात पहिल्यांदा थाप पडली होती. तिने अण्णांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पदराशी चाळा करत उभी होते. तिने निनादला खूण केली आणि पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा त्याच जागी डोळे मिटले, पुन्हा थाप.

निनादला राहवलं नाही. ‘काका, पण चूक काय आहे? सूर तर बरोबर आहे!’

‘चुप रह, निनाद,’ मुक्ता हिंदीत त्याच्यावर ओरडली. ‘विचारायचं नसतं.’

तिसऱ्यांदा तिने सुरू केलं तेव्हा तिचा आवाज आधीपासूनच घाबरलेला होता. मी अकरा वर्षांची असताना माझाही असाच झाला होता. ‘तरी’वर ती जपून गेली, तरी डोळे मिटलेच, आणि तिसरी थाप पडली. ती उठली, अण्णांच्या पाया पडली. अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. निनाद गिटार पिशवीत कोंबत होता, रागाने त्याच्याने चेन लागत नव्हती.

ते गेल्यावर अण्णा मला म्हणाले, ‘पोरीचं पाठांतर कच्चं आहे का गं? एकाच ठिकाणी तीनदा अडकली. चेहरा किती कासावीस होत होता तिचा. मला बघवेना, म्हणून थांबवलं.’

ऐकलंत? बघवेना म्हणून थांबवलं. तेव्हा मी म्हणू शकले असते, अण्णा, ती अडकली नव्हती, ते तसंच गाणं आहे. म्हातारा रडला असता. पण दुसऱ्या दिवशी पोरीला बोलावून घेतलं असतं.

मी ओठ नीट हलवून म्हटलं, ‘हो, कच्चं आहे. करेल तयारी.’

मुक्ताने तयारी केली. कशी केली म्हणता! पुढचे दोन महिने ती त्या गाद्या लावलेल्या खोलीत नऊच्या नऊ गाणी पुन्हा गायली. अण्णांनी तीन थापा एका शब्दावर मारल्या होत्या. तिने त्यावरून हिशेब लावला की जिथे जिथे आवाज फाटतो, तिथे तिथे चूक आहे. मग एकेक जागा शोधून काढली. शिवत गेली, शिवत गेली. मला फोन करून ऐकवायची, ‘आता बघ, एक केस इकडचा तिकडे नाही!’ खरंच नव्हता. इस्त्री केलेल्या चादरीवर असते तेवढीही सुरकुती नव्हती.

निनाद मला शाळेच्या फाटकाशी भेटायला आला. उन्हात उभा होता, डोळे लाल.

‘इंदूताई, तुम्ही तरी सांगा तिला. ती सगळं मारून टाकतेय. काकांना नेमकं काय खटकलं एवढं विचारा फक्त. एकदा विचारा!’

‘आमच्या घरात थापेवर विचारत नाहीत, निनाद.’

‘तुम्हाला आधीचं आवडलं होतं. तिने सांगितलं मला. तुम्ही रडला होतात.’

म्हणजे सुनीती मॅडम कुठेतरी बोलल्या. माझी चोरी पकडल्यासारखं झालं. ‘मला गाण्यातलं काय कळतं?’ मी म्हटलं. ‘कान फक्त अण्णांचा.’ आठवड्याभरात त्याने काम सोडलं. राहिलेली दोन गाणी मुक्ताने एकटीने पुरी केली.

मग एका संध्याकाळी तिचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. ‘ताई, झालं! आणि ऐक, जुनं सगळं उडवलं. माझ्याकडचं, निनादच्या कॉम्प्युटरमधलं, सगळं. त्याच्याकडून शपथ घेतली, एक कॉपी ठेवायची नाही. आपल्यात चुकलेलं ठेवत नाहीत ना! तुझ्या फोनमधलंही काढून टाक हं.’

‘काढते,’ मी म्हटलं.

अक्षय्य तृतीयेला ‘तरी’ नेटवर आला. पहिल्या दिवशी तिच्या बंगळुरूच्या मैत्रिणींनी ऐकला, दुसऱ्या दिवशी त्यांनीही नाही. एकाने खाली लिहिलं, ‘साफ आहे, पण आत कुणी नाही.’ मुक्ताने तेही हसत मला वाचून दाखवलं. तिला कुठे लोकांचं पडलं होतं! ‘रविवारी अण्णांना ऐकवायचा. समोर बसून नाही, मला धीर नाही व्हायचा. स्पीकरवर लावते.’

मी नको म्हटलं नाही. समोर चेहरा नाही म्हणजे थाप नाही, एवढं गणित मला येतं. वाटलं, घे बाई, तुझं शुद्ध एकदाचं घे आणि सुटू दे सगळ्यांना.

रविवारी तिने पेढे आणले, साडी नेसून आली. चौकीसमोर पाटावर तो लहानसा काळा स्पीकर ठेवला. मी अण्णांना सांगितलं, मुक्ताचं गाणं यातून वाजणार आहे. अण्णा ताठ बसले, हात मांडीवर, नजर स्पीकरवर. मुक्ता त्यांच्या मागे बसली, भिंतीला टेकून, तिथून तिला त्यांचा तळवा दिसत होता. मी समोर दारात, नेहमीच्या जागी.

पहिलं गाणं संपलं. तळवा हलला नाही. दुसरं, तिसरं. मुक्ता श्वास रोखून बसलेली. चौथं, पाचवं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तोंडावर हात दाबून रडत होती आणि हसतही होती. सहावं सुरू झालं, ‘तरी’. पहिली ओळ झाली, ‘हाक मारलीस तर येईन’. आणि स्पीकर टुंग असा वाजून बंद पडला. चार्जिंग संपलं होतं.

मुक्ता उठायला गेली. अर्धी उठली आणि थांबली. अण्णा तसेच बसले होते. मान किंचित पुढे, नजर स्पीकरवर, चेहऱ्यावर पूर्ण लक्ष. बाहेर संकठाच्या देवळात कुणीतरी घंटा वाजवली. खालच्या गल्लीत भाजीवाला ओरडून गेला. अण्णा ऐकत होते. मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. मुक्ता अर्धवट उठलेली, एक हात भिंतीला, त्यांच्या पाठीकडे बघते आहे.

मग अण्णांनी नजर वर करून माझ्याकडे पाहिलं. झालं का, असं. सात वर्षांची सवय, माझा हात आपसूक खांद्यावर गेला आणि मी पदर सारखा केला.

अण्णा म्हणाले, ‘शुद्ध आहे.’

अण्णांच्या तोंडून हा शब्द मी त्याआधी कधी ऐकलेला नाही. मला नाही, आईच्या स्वयंपाकाला नाही, कुणालाच नाही. अण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं. ‘फार शुद्ध आहे. सांग तिला.’

मुक्ता त्यांच्या पाठीमागे दोन हातांच्या अंतरावर उभी होती. हलक्या आवाजात म्हणाली, ‘अण्णा.’ ते वळले नाहीत. ‘अण्णा,’ ती पुन्हा म्हणाली. मग इतक्या जोरात ओरडली की समोरच्या घरातल्या इरावतीकाकूंनी खिडकी उघडली. ‘अण्णा!’ अण्णा उपरणं सारखं करत स्पीकरकडे कौतुकाने बघत होते.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं नाही. तेवढं तरी केलं.

‘किती दिवस?’

‘सात वर्षं.’

‘मला वाटलं बोलत नाहीत माझ्याशी.’ ती भिंतीला धरून सावकाश खाली बसली. ‘तू म्हणालीस, गाण्यामुळे. तू म्हणालीस, ताई.’

‘शपथ घातली होती त्यांनी,’ मी म्हटलं. माझ्याच कानांना ते खोटं लागलं. शपथ बहिरेपणाची होती. बाकीचं माझं.

तिने मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. उठून अण्णांच्या समोर गेली, वाकली. अण्णांनी दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं आणि म्हणाले, ‘पोरी, किती दिवसांनी समोर आलीस.’ तिने त्यांना पेढा भरवला. त्यांना काही कळू दिलं नाही. मग स्पीकर उचलून पिशवीत टाकला आणि जिन्याकडे गेली. मी मागोमाग गेले.

तिसऱ्या पायरीवर ती थांबली. माझ्याकडे न बघता विचारलं, ‘ताई, जुनी गाणी तुला पाठवली होती मी. तू खरंच काढून टाकलीस?’

इतक्या हळू विचारलं तिने! मी नाही म्हणावं म्हणून तिचा जीव नुसता गोळा झाला होता. फोन माझ्या कमरेला खोचलेला होता, नऊच्या नऊ गाणी त्यात होती.

‘हो,’ मी म्हटलं. ‘तूच म्हणालीस ना, चुकलेलं ठेवायचं नाही.’

ती खाली उतरली. परत बंगळुरूला गेली, नोकरी करते. गात नाही म्हणतात. आता तिच्या फोनवरून अण्णांना मोठ्या अक्षरांत मेसेज येतात, मी त्यांच्यासमोर धरते, ते खूश होतात. माझ्याबद्दल त्यात काही नसतं.

का नाही दिली, विचाराल. आधी वाटलं, देईन दोन दिवसांनी, जरा कळू दे थाप म्हणजे काय. दोन दिवसांचे चार झाले. मग वाटलं, आता दिली तर काय सांगू? आणि मग, खरं सांगते, द्यावीशीच वाटेना. एवढं एक गाणं जगात फक्त माझ्याकडे आहे.

शाळेतून आले की स्वयंपाकघरात ओट्यावर फोन टेकवते आणि ‘तरी’ लावते. पूर्ण आवाजात. अण्णा पाटावर माझ्यासमोरच बसलेले असतात, भाजी निवडत, त्यांना काय त्याचं! तेहतीस वर्षं बंद असलेलं माझं तोंड तेव्हा उघडतं. आवाज काढत नाही, नुसते ओठ तिच्याबरोबर हलवते. हाक मारलीस तर येईन. नाही मारलीस. आणि ‘तरी’ आलं, तिचा आवाज फाटला, की माझे डोळे मिटतात, तोंड वाकडं होतं.

अण्णा मान वर करून बघतात आणि त्यांचा तळवा मांडीवर पडतो.

मी हात पुसते आणि गाणं पहिल्यापासून लावते.